एकच हेडफोन, दोघांचे कान

पहिला हेडफोन मी डबा बघून घेतला. डब्यावर ७.१ सराउंड, ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर (आवाज काढणाऱ्या आतल्या चकत्या), कानांवर लाल-निळे दिवे. भाचा खूश, मीही खूश. पावसाळा उलटायच्या आत कानाच्या गाद्यांचं रेक्झीन सुटायला लागलं आणि पोरगं गेम खेळून उठलं की कानामागे काळे कपटे चिकटलेले असायचे. आवाजाचं म्हणाल तर बॉम्ब फुटला की भिंत हलायची, पण गाणं लावलं की डग्गा थेट गायिकेच्या अंगावर येऊन बसायचा. वर भाच्याची तक्रार: "मामा, ह्यात फुटस्टेप्सच ऐकू येत नाहीत ओ."

दुसऱ्या वेळी ताईनं स्पष्ट सांगितलं, पैसे एकदाच मिळतील, एकच घ्या आणि दोघांनी वापरा. भाच्याला व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळायचा होता, मला रात्री जेवणं झाल्यावर गाणं ऐकायचं होतं. त्या दोन-तीन महिन्यांत मित्रांचे मागून आणलेले, दुकानात लावून बघितलेले, घेऊन परत केलेले असे बरेच हेडफोन कानावरून गेले. त्यातून जी पद्धत हाती आली ती क्रमानं सांगतो.

आधी खोली बघा

हेडफोनच्या कपाची मागची बाजू बंद असते किंवा जाळीची असते. बंद तो क्लोज्ड बॅक, जाळीचा तो ओपन बॅक. जाळीच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हरच्या मागचा आवाज कोंडला जात नाही, म्हणून ऐकताना मोकळं वाटतं, वाद्यं डोक्याच्या जरा बाहेर गेल्यासारखी वाटतात आणि गेममध्ये डावं-उजवं, जवळचं-लांबचं सहसा लवकर कळतं. जाणकार लगेच ओपन बॅकच घे म्हणतात ते यामुळेच.

पण आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. गल्लीतून गाड्या, शेजारी टीव्ही, डोक्यावर पंखा. ओपन बॅक घातला की पंख्याची घरघर सगळी आत येते, आणि आतला गोळीबार आईच्या हरिपाठात जातो. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून गाणं ऐकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा साधा प्रयोग करा. ज्या खुर्चीत बसून ऐकणार, तिथे नेहमीच्या वेळी पाच मिनिटं गप्प बसा. पंख्यापलीकडे गल्ली स्पष्ट ऐकू येत असेल तर क्लोज्ड बॅकच घ्या. वरच्या मजल्यावरची मागची खोली असेल, खोलीत दुसरं कुणी झोपत नसेल, तर ओपन बॅकसारखं सुख नाही.

याला दुसरीही बाजू आहे. बाहेरचा गोंगाट आत येऊ लागला की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं आणि दर ३ डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८६ डेसिबलला १० तासच उरले. गेम खेळणारं पोर हे १० तास दोन दिवसांत संपवतं.

हेडसेट की हेडफोन आणि वेगळा माइक?

माझं मत ठाम आहे. गाणं ऐकायचं असेल तर साधा चांगला हेडफोन घ्या आणि माइक वेगळा लावा. गेमिंग हेडसेटच्या किमतीत माइक, दिवे, यूएसबी साउंड कार्ड आणि डब्याची छपाई असते, आणि ड्रायव्हरच्या वाट्याला उरलेलं येतं. शर्टाला अडकवायचा कॉलर माइक किंवा टेबलावरचा साधा यूएसबी माइक स्वस्तात मिळतो, आणि हेडफोन बदलला तरी तो राहतो.

अपवाद आहेत. हायपरएक्सच्या क्लाउड २ सारखे काही हेडसेट चांगल्या हेडफोनच्या घडणीचे असतात. माइक काढता येतो, आणि सोबतचं यूएसबी कार्ड बाजूला ठेवून सरळ ३.५ मिलिमीटरच्या पिनेनंही चालवता येतात. टेबलावर तारांचं जंजाळ नको असेल तर असं काही बघा.

आता त्या ७.१ बद्दल. डब्यावर ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो. सात दिशांचा भास सॉफ्टवेअर तयार करतं. आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानाला तो किंचित उशिरा आणि दबून पोहोचतो, कानाच्या पाळीवर आपटून त्याचा पोतही बदलतो. हे सगळं गणितानं घडवायचं, त्याला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्येच हा पर्याय आहे. तो चालू करा आणि हेडसेटचं ७.१, विंडोज सॉनिक वगैरे बाकी सगळं बंद करा. दोन्ही एकदम चालू राहिलं की आधीच दिशा दिलेल्या आवाजाला पुन्हा दिशा दिली जाते आणि त्याचा काला होतो. पायांचा आवाज न येण्याचं आमच्याकडचं अर्धं कारण हेच निघालं. फुकटात सुटलं.

तार की बिनतारी

ब्लूटूथवर सिनेमा बघताना ओठ आणि आवाज जुळतात, म्हणून गेमही चालेल असं वाटतं. तिथेच फसगत होते. व्हिडिओचं ॲप आवाजाला लागणारा उशीर ओळखून चित्र तेवढंच मागे ठेवतं. गेममध्ये मागे ठेवायला काही नसतंच, तुम्ही बटण दाबाल त्या क्षणी आवाज तयार होतो. साध्या ब्लूटूथवर तो कानापर्यंत यायला १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात, कधी जास्त. फोनवर बीजीएमआयसारखा गोळीबाराचा गेम खेळताना शत्रू दिसून गेल्यावर त्याचे पाय वाजतात ते यामुळे.

दुसरी गोम माइकची. कॉम्प्युटरवर साध्या ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि स्टिरिओ आवाज जाऊन टेलिफोनसारखा बसका आवाज उरतो. हेडफोन बिघडला म्हणून परत करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. बिघडलेलं काही नसतं.

तार नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल सोबत येणारा हेडसेट घ्या, त्याचा उशीर ब्लूटूथपेक्षा पुष्कळ कमी असतो. दर आठवड्याला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला नॉइज कॅन्सलिंगचा ब्लूटूथ हेडफोनच हवा, कारण गाडीची एकसुरी घरघर कापण्यात तो पटाईत असतो. शेजारच्या बर्थवरच्या गप्पा मात्र त्यातूनही येतात.

घरी, एका जागी बसून ऐकायचं असेल तर तार. त्याच पैशात आवाज जास्त मिळतो आणि बॅटरी म्हातारी होत नाही. फक्त कपापाशी सुटी होणारी तार बघा. कापड, चप्पल, खुर्चीचं चाक, मांजर, यातलं काहीतरी तारेला गाठतंच.

डब्यावरचे आकडे

ड्रायव्हर ४० मिलिमीटर की ५०, यावर वेळ घालवू नका. सोनीचा एमडीआर-७५०६ हा ४० मिलिमीटरचा हेडफोन १९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरात आहे.

४०,००० हर्ट्झपर्यंत वाजतो म्हणून हाय-रेसचा सोनेरी शिक्का असतो. माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत जातो आणि वय वाढेल तसा खाली उतरतो. शिवाय ऐकणार काय तेही बघा. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी ज्या गावात रुजली तिथला माणूस कधीतरी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांकडे वळतोच. त्या तबकड्यांवर इतके वरचे हर्ट्झ मुळात उतरलेलेच नाहीत. त्या रेकॉर्डिंगचा जीव मधल्या पट्ट्यात आहे आणि हेडफोननं तो पट्टा नीट सांभाळला की झालं.

इम्पीडन्स (हेडफोनचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठा वाजतो) हे दोन आकडे मात्र जोडीनं वाचावेत. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळतो. एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावले तर २५० ओहमचा ३२ वाल्यापेक्षा साधारण ९ डेसिबलनं हळू वाजेल. स्वस्त मिळतोय म्हणून २५० चा उचलला आणि थेट फोनला लावला की माणूस म्हणतो, एवढे पैसे घालून आवाजच नाही.

सेन्सिटिव्हिटी कुणी दर मिलिवॉटला लिहितं, कुणी दर व्होल्टला. दोन्ही सरळ एकमेकांशी ताडू नका. मिलिवॉटच्या आकड्यात ३२ ओहमला सुमारे १५, ३०० ओहमला सुमारे ५ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो. हा आकडा १०५ च्या पुढे असेल तर फोन किंवा लॅपटॉप बहुतेक वेळा पुरतो. सेनहायजरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन ९७ वर आहे. तो फोनला लावायच्या छोट्या यूएसबी साउंड कार्डवरही वाजतो, पण हळू रेकॉर्ड झालेली मैफल लावली की व्हॉल्यूम टोकाला जातो आणि मग अँप (आवाजाला ताकद देणारं वेगळं यंत्र) लागतो. बजेट एकच असेल तर अँप मागणारा हेडफोन यादीतून काढून टाका.

वजनही बघा. २५०-२८० ग्रॅमच्या पुढे गेलं की दोन तासांनी टाळूला कळतं.

तुलना कशी करायची

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, मीही फसलो होतो. दोन हेडफोन आळीपाळीनं लावले की जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. कानाची ही खोड जुनी आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज वाढला की खालचे आणि वरचे सूर तुलनेनं जास्त भरून ऐकू येतात. एक-दोन डेसिबलचा फरक मोठा आवाज म्हणून जाणवतही नाही, नुसतं 'भारी वाटतं'. जास्त सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन त्याच व्हॉल्यूमवर लावला की दुकानदाराला वेगळं काही बोलावं लागत नाही.

म्हणून पहिलं काम, आवाज समान करणं. दुकानात सोपा उपाय म्हणजे बातम्या वाचणाऱ्याचा आवाज. माणूस समोर बसून बोलतो तेव्हा किती मोठा असतो हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं. प्रत्येक हेडफोनवर तो आवाज तेवढाच येईपर्यंत व्हॉल्यूम लावा आणि कोणत्या हेडफोनला फोनची कितवी पायरी लागली ते लिहून ठेवा. घरी जरा काटेकोर करता येतं. जाड पुठ्ठ्याला मध्ये भोक पाडा, मागून त्या भोकाशी फोनचा माइक धरा, पुढून कप चिकटवा आणि आवाज मोजणाऱ्या फुकट ॲपवर आकडा बघा. खरा आकडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, दोन्हींचा सारखा आला की पुरे. आधी फोनमधलं डॉल्बी, बेस बूस्ट, जे काही आपणहून चालू असतं ते बंद करा.

दुसरं काम, आपले नमुने बरोबर नेणं. दुकानदार लावेल त्या गाण्यावर कोणताही हेडफोन चांगला वाजतो, कारण ते गाणं त्यानं त्यासाठीच ठेवलेलं असतं. माझे नमुने फोनमध्ये उतरवून ठेवलेले असतात, नेटवर अवलंबून नसतात.

पहिला तानपुरा. रेकॉर्डिंगही लागत नाही, तानपुऱ्याचं फुकट ॲप पुरतं. काळी एकला लावा. सा साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. खर्जाची तार भरीव पण मोकळी वाजली पाहिजे, नुसती घुमली तर बेस फुगवलेला आहे. आणि वरची जवारी, ती मधमाश्यांसारखी झणझण, सलग वाहिली पाहिजे. ती टोचली तर ट्रेबल चढलेलं आहे, झाकोळली तर मधला पट्टा दबलेला. एका वाद्यात वर-खाली दोन्हीची परीक्षा होते.

दुसरा नमुना हलगी-घुमकं-कैताळ. खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्याला हलगीचा खरा आवाज कुणी शिकवायला नको. थाप पडली आणि संपली, मागे शेपूट नाही. चांगल्या हेडफोनवर प्रत्येक थाप सुटी येते, घुमकं खाली वेगळं राहतं, कैताळ वर वेगळं खणखणतं. वाईट हेडफोनवर तिन्ही मिळून पत्रा वाजवल्यासारखं होतं. फक्त मिरवणुकीत फोनवर केलेलं रेकॉर्डिंग वापरू नका, त्यात फोनचा माइकच फाटलेला असतो.

तिसरा, एखादं भरगच्च वाद्यवृंदाचं गाणं, तुम्हाला तोंडपाठ असलेलं. गायकाचा आवाज बरोबर कपाळाच्या मध्ये येतो का बघा. एका बाजूला सरकत असेल तर दोन ड्रायव्हर सारखे नाहीत.

चौथा भाच्याचा, आणि ही युक्ती त्याचीच. त्यानं एचआरटीएफ चालू ठेवून स्वतःच्या खेळाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ रेकॉर्ड केला. त्यात मागून, डावीकडून, वरच्या मजल्यावरून चालत येणारे पाय आहेत. दिशा आवाजात आधीच बसलेली असते, म्हणून तो कुठल्याही फोनवर, कुठल्याही हेडफोनवर लावता येतो. डोळे मिटून बसायचं, पाय वाजले की बोट दाखवायचं. दहापैकी किती बरोबर ते मी मोजायचो. अधल्या-मधल्या आवाजावर गोळीबाराचा बेस चढून बसला की पाय त्याखाली गडप होतात. 'गेमिंग बेस' म्हणून विकले जाणारे दोन हेडफोन या परीक्षेत साफ नापास झाले.

चष्मा असेल तर चष्म्यासकट ऐका. दांडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि त्या फटीतून बेस निघून जातो. कप हातानं हळूच दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर फट आहे, तो हेडफोन तुमच्या डोक्याचा नाही.

आता खरी अडचण. राजारामपुरी-शाहूपुरीत मी फिरलो तेव्हा बहुतेक ठिकाणी सीलबंद डबाच पुढे आला. यावर दोन उपाय कामी आले. ओळखीपाळखीत विचारा. गायन-वादन करणारा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, हॉस्टेलवर खेळणारा, असा कुणीतरी सापडतोच. संध्याकाळभर त्याच्याकडे बसा, चहा तुमचा. नाहीतर ऑनलाइन मागवा, पण परत घेण्याच्या अटी आधी वाचून. काही ठिकाणी 'परत' म्हणजे फक्त बदलून मिळणं असतं, पैसे नाही.

मग घ्यायचा कोणता

किमती दर सणाला हलतात, त्या लिहीत नाही. बंद प्रकारात ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स दोघांच्या कामाला सगळ्यात सरळ वाटला. ३५ ओहमचा, फोनवर चालतो, तार सुटी होते. एम५०एक्स बेसला थोडा जास्त, दिसायला भारी. सोनीचा ७५०६ आवाज चिरून दाखवतो, पण तार कपाला कायमची जोडलेली आहे आणि गाद्या आमच्या हवेत टिकत नाहीत. डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा, मखमली गाद्यांमुळे उन्हाळ्यात सगळ्यात सुखाचा. ओपन बॅकमध्ये सेनहायजरचा एचडी ५६०एस गेमला फार चांगला, १२० ओहमचा असूनही फार ताकद मागत नाही. डीटी ९९० प्रो दिशा उत्तम दाखवतो पण त्याची वरची धार मला अर्ध्या तासात टोचायला लागली. भाच्याला नाही टोचली. कान त्याचे तरुण.

यातल्या लोकप्रिय मॉडेलच्या नकला बाजारात आहेत. निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो तो नव्हेच. जीएसटीचं बिल आणि वॉरंटी कोण देणार, एवढं विचारलं तरी बरेच सौदे तिथेच मोडतात.

घरी आणल्यावर

डबा फोडताना व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी २० ते २०,००० हर्ट्झचा सरकता सूर हळू आवाजात ऐका. मध्येच कुठे खरखर, फरफर आली तर लगेच परत. आठवडा वाट बघू नका, मुदत तेवढीच असते.

डेस्कटॉपला लावल्यावर 'हंऽऽ' असा आवाज येत असेल तर हेडफोनला शिव्या देऊ नका. जुन्या घरात अर्थिंग नसतं किंवा नावाला असतं. साध्या इन्व्हर्टरवर तर गुणगुण ठरलेली. पुढच्या जॅकऐवजी मागच्या जॅकला लावून बघा, मग छोट्या यूएसबी साउंड कार्डवर बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. हंऽऽ थांबला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तसंही हवंच. आणि एकाच पिनेवर माइकसकट येणारा हेडसेट दोन वेगळ्या भोकांच्या कॉम्प्युटरला लावायचा तर दोन शेपट्यांचा जोड लागतो, तो डब्यात आहे का बघा.

विंडोजवर खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारं इक्वलायझर एपीओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. गेमसाठी १५० हर्ट्झच्या खालचं तीन-चार डेसिबलनं उतरवलं की पाय वर येतात. वाढवण्यापेक्षा उतरवणं केव्हाही बरं, आवाज फाटत नाही.

पावसाळ्यासाठी. जून ते सप्टेंबर हेडफोन टेबलावर उघडा ठेवू नका. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा. वापर झाला की गाद्या कोरड्या फडक्यानं पुसा. गाद्या वेगळ्या विकत मिळतात का, हे हेडफोन घेण्याआधीच शोधून ठेवा. रेक्झीनच्या काढून मखमली बसवल्या तर बेस थोडा कमी होतो, हे मात्र धरून चाला.

आम्ही शेवटी एम४०एक्स घेतला आणि कॉलरला लावायचा माइक. रात्री नऊपर्यंत हेडफोन त्याचा, नऊनंतर माझा, असं ताईनं ठरवून दिलंय. नऊचे सव्वानऊ होतात. मी बसतो तेव्हा त्यानं उतरवलेला बेस आधी सरळ करावा लागतो, नाहीतर डग्गा गेला कुठे म्हणून पहिली पाच मिनिटं शोधण्यातच जातात.